प्रस्थानातला पासपोर्ट

तुमच्या बहिणीचा पासपोर्ट आत्ता, हे वाक्य तुम्ही वाचताय त्या क्षणी, कोणाच्या कपाटात आहे? बहीण नसेल तर बायकोचा, मुलीचा, सुनेचा सांगा. उत्तर पटकन आलं असेल तर पुढचं विचारते. ते कपाट तिचं आहे का?

आमच्या घरी ते बाबांचं होतं. हिरव्या रंगाचं लोखंडी कपाट, आत छोटा लॉकर, आणि लॉकरची किल्ली देवघरात शंखाखाली. ताई अमेरिकेहून आली की पहिल्या तासाभरात तिचं कागदांचं पाकीट त्या लॉकरमध्ये जायचं. निळं, चेनचं, वीतभर पाकीट. त्यात तिचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. "आण इकडे, कुठेतरी टाकशील," आई म्हणायची. ताई अडतीस वर्षांची आहे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. सोळा वर्षं परदेशात एकटी राहिली आहे आणि तिने साधी छत्री हरवल्याचंही मला आठवत नाही. तरी ती पाकीट द्यायची. मी तिथेच उभी असायचे आणि मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

ग्रीन कार्ड म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी. नागरिकत्व नव्हे. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर कार्ड मिळून पाच वर्षं व्हावी लागतात, आणि त्या पाच वर्षांत एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर तिथलं सरकार धरून चालतं की तुमचं तिथलं बिऱ्हाड मोडलं. मोडलं नाही हे मग तुम्ही सिद्ध करत बसायचं. पटलं नाही तर वर्षांची मोजणी पुन्हा सुरू. ताईला कार्ड मिळायलाच बारा वर्षं लागली होती. त्यानंतर साडेतीन वर्षं झाली होती, तेव्हा बाबांना अर्धांगाचा झटका आला.

ती तिसऱ्या दिवशी इंदूरला पोचली आणि राहिली. तुकोगंजच्या दवाखान्यात बाबांना व्यायामाला नेणं, उजव्या हाताच्या बोटांत चेंडू देणं, तो पडला की पुन्हा देणं, हे सगळं तिने केलं. काही महिने तिच्या ऑफिसने इथून काम करू दिलं, मग तिने बिनपगारी रजा टाकली.

बाबांचा उजवा हात म्हणजे आमच्या घरातला छापखाना. सरकारी कचेरीत कारकून होते, पण त्यांची खरी नोकरी कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहिणं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पातळ गुलाबी कागद, वर ‘साथियो!’ आणि खाली ‘एक हो!’. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर माझा गृहपाठ व्हायचा. मजुरी, बदल्या, हुंडा, अंधश्रद्धा, सगळ्यावर आमच्या घरातून पत्रक निघालेलं आहे. पुढे मीही लिहायला लागले, मराठीत आणि हिंदीत. माझ्या प्रत्येक पहिल्या ओळीवर बाबांचा हात फिरलेला असायचा. तो हात आता चेंडू धरू शकत नव्हता.

पण बाबा मोजू शकत होते. ताईकडे एक लहान वही होती. नागरिकत्वाच्या अर्जात परदेशाची प्रत्येक वारी लिहावी लागते, कधी गेलात, कधी परत आलात. त्या वहीत सगळ्या तारखा होत्या. बाबांनी ती एकदा मागून घेतली आणि त्या दिवसापासून सकाळी चहा पिताना, ताईला येऊन किती दिवस झाले तो आकडा सांगायला लागले. जीभ जड झाली होती, आमची नावं नीट येत नव्हती, पण आकडा स्वच्छ यायचा.

"एकशेबावन्न."

"हो बाबा," ताई म्हणायची आणि बशीत बिस्कीट मोडायची.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं एकच पालुपद. "आलीच आहेस तर राहा ना चार दिवस अजून. तिकडे कोण वाट बघून राहिलंय तुझी?" ताई हसायची. बाबा मात्र भिंतीकडे बघायचे. त्यांना चार दिवसांचा अर्थ माहीत होता.

तिकीट काढलं ते शनिवारचं. एकशेशहात्तरावा दिवस. दुपारी इंदूरहून दिल्ली, तिथून पुढे. दुसऱ्या दिवशी ती तिथे उतरणार, म्हणजे हातात तीन दिवस शिल्लक. याच्या आधी तिला निघायचं नव्हतं, कारण बाबा काठी घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागले होते आणि तिला ते रोज बघायचं होतं.

आईने दिनदर्शिका बघितली आणि कपाळाला हात लावला. शनिवार आणि वर अमावस्या.

"तिकीट बदल."

"आई, पुढची सीट आठवड्याने आहे. नाही जमणार."

"मग प्रस्थान ठेवू."

ज्यांच्या घरात हे आता उरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, सोबत सुपारी, अक्षता, हळदकुंकू, अशी पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. ज्या दिशेला जायचं त्या दिशेचं घर बघायचं. पिशवी गेली म्हणजे माणूस निघालं. मग खरोखर निघताना ती तिथून उचलायची. एकदा बाहेर पडलेली पिशवी घरात परत आणायची नाही, नाहीतर सगळं फुकट.

मी फिसकन हसले. "वा! तिकडचं सरकार माणूस मोजतं आणि आपण पिशवी मोजतो." मला वाटलं बाबा माझ्या बाजूने बोलतील. याच विषयावर त्यांचं पत्रक आहे, मला तोंडपाठ आहे. बाबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले आणि म्हणाले, "ठेवू दे तिला."

त्यांना भीती वाटत होती. माझा राग मात्र गेला नाही. तो बुधवारी संध्याकाळी ताईवर निघाला.

ती गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी म्हणाले, "म्हणजे आता हात वर करून शपथ घेणार तू. आणि हा पासपोर्ट परत करून टाकणार."

"करावा लागतो. दोन नाही ठेवता येत."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं."

"मग? माणूस कागदाने ठरत नाही, हे आपल्याच घरातून छापून गेलंय ताई."

तिने हातातली चादर घडी करून कठड्यावर ठेवली. "ज्याच्याकडे कागद आहे ना, त्यालाच हे म्हणता येतं. तू म्हण. मी एकशेत्र्याहत्तर दिवस बाबांच्या उशाशी बसून रोज आकडा ऐकते. त्यांना बरं वाटतंय की नाही, हे मला आधी बघायचं असतं, पण त्याआधी आकडा येतो. मला नागरिकत्व कशाला हवंय माहितेय? पुढच्या वेळी यायला. न मोजता."

"इथे यायला इथलं सोडायचं?"

"हो. मूर्खपणा आहे ना? मी नाही बनवला तो कायदा."

"पळवाट आहे ही, बस."

हा शब्द मी वापरला. तिने कठड्यावरची चादर घेतली, कपडे उचलले आणि खाली गेली.

गुरुवारी सकाळी आईने माझ्या हातात पिशवी दिली. खणाच्या कापडाची, तोंड नाडीने बांधलेली. "काकूंकडे देऊन ये. पश्चिमेचं घर त्यांचंच आहे. बोलू नकोस रस्त्यात कुणाशी."

काकू म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. मी पिशवी घेऊन निघाले. सुपारी, तांदूळ, ताईची ओढणी, एवढंच असायला हवं होतं. पण पिशवीच्या तळाशी माझ्या तळव्याला काहीतरी चपटं, टणक लागलं. कापडातून चेनची कडा बोटाला जाणवली.

मी थांबले नाही. नाडी सोडून बघितली नाही. परत येऊन आईला विचारलं नाही. मला ठाऊक होतं असं म्हणत नाही, पण विचारायचं नाही हे मी ठरवलं होतं. काकूंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली आणि देवापुढे ठेवली.

शनिवारी सकाळी साडेआठला ताईने बॅगा दाराशी आणल्या आणि शंखाखालची किल्ली घेऊन लॉकर उघडला. मी पोहे खात होते. कपाटाचा पत्रा वाजला, मग दुसऱ्यांदा वाजला, मग कागद उपसल्याचा आवाज.

"आई, माझं पाकीट?"

"प्रस्थानात आहे," आई ओट्याशी उभी राहून शांतपणे म्हणाली. "जाताना उचलायचंय ना."

"पासपोर्ट? पासपोर्ट ठेवलास तू?"

"मग काय ठेवणार? ओढणी काय, कुणाचीही असते. तुझं जाणं त्या पाकिटात आहे. तेच आधी गेलं पाहिजे." आणि मग थोडं बिचकून, "चार घरं सोडून तर आहे."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. ताई चप्पल न घालता बाहेर पडली, मी तिच्या मागे.

काकूंच्या दाराला कुलूप होतं. आधी वाटलं दूध आणायला गेल्या असतील. ताईने कडी वाजवली, बेल दाबली, खिडकीतून हाक मारली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हातगाडीवरूनच आवाज दिला, "मैडम तो कल शाम को ई निकल गईं दीदी. बेटमा. गाड़ी आई थी लेने, शादी है उधर."

ताईने त्या कुलपाकडे बघितलं. मी म्हणाले, "तोडू. मी घेते जबाबदारी. काकूंना मी सांगेन."

मागून आई धापा टाकत आली होती. "शुद्धीवर आहेस का? कुणाच्या घराचं कुलूप तोडणार तू?"

फोन वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडे ढोल वाजत होते. ताईने स्पीकर लावला.

"काकू, माझी पिशवी! घराची किल्ली कोणाकडे आहे?"

"किल्ली कशाला? पिशवी माझ्याजवळच आहे," काकू ओरडून बोलत होत्या. "अगं, बंद घरात ठेवतात का प्रस्थान? दिवा नाही, माणूस नाही. घेऊन आले मी बरोबर. पश्चिमेलाच आहे की बेटमा! उलट पुढेच गेलीस तू."

आई मट्कन पायरीवर बसली.

पावणेनऊ झाले होते. विमान दोन दहाचं. बेटमा धारच्या रस्त्यावर, गाडीने तासाभराचं. पासपोर्ट हरवला तर नवा मिळायला किती दिवस, कार्डाचं काय, दिल्लीला वकिलातीत जाऊन काय काय करावं लागतं, हे ताईला माहीत होतं आणि त्यातलं काहीही तीन दिवसांत बसत नव्हतं. मी म्हणाले, "काकूंना सांगू, कुणाच्या तरी हाती विमानतळावर पाठवून द्या. आपण सरळ तिकडे जाऊ."

"नाही," ताई म्हणाली. "आता कुणाच्या हाती नाही."

घरात येऊन तिने बाबांच्या पायांना हात लावला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, किंवा त्यांनी ओळखलं होतं. डावा हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि त्या दिवशी आकडा सांगितला नाही. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मला ते आकड्याहून जास्त भीतिदायक वाटलं.

टॅक्सीवाल्याला मी सगळं सांगून टाकलं. तो आरशातून बघत म्हणाला, "टेंशन नी लेने का दीदी. अपन पोंचा देंगे. बेटमा भी, एरपोर्ट भी." आणि खरंच त्याने गाडी अशी काढली की शहर संपेपर्यंत मला वाटलं, जमलं.

मग रस्ता रुंद करायचं काम लागलं. एकच बाजू चालू, आणि त्या एका बाजूवर गिट्टीचा डंपर चाक रुतून आडवा. आमच्या पुढे बस, बसच्या पुढे ट्रॅक्टर. लोक खाली उतरून हात हलवून एकमेकांना सूचना देत होते. आमचा टॅक्सीवाला भिया इंजिन बंद करून खाली उतरला आणि त्याच घोळक्यात सामील झाला. गाडीत आम्ही दोघीच.

दहाला पाच कमी होते. ताई मांडीवर हात ठेवून बसली होती, पुढच्या बसच्या मागच्या पाटीकडे बघत. तिच्या हातात वही होती. शेवटच्या ओळीत येण्याची तारीख लिहिलेली, परत जाण्याचा रकाना कोरा.

मी म्हणाले, "मला लागलं होतं हाताला."

"काय?"

"पाकीट. गुरुवारी. पिशवीत. चेन लागली होती."

ती माझ्याकडे वळली. "आणि?"

"विचारलं नाही मी."

"का?"

पत्रकात कारणं एकाखाली एक लिहिता येतात. इथे एकच होतं आणि ते मला तोंडातून काढायचं होतं. "मला वाटलं, पाकीट राहिलं तर तूही राहशील."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "लो, रिवर्स लो!" ताईने वही मिटली.

"बाबा पडले तेव्हा तू फोन केलास मला," ती म्हणाली. "रडत होतीस. म्हणालीस, ये. मी विचारलं नाही किती दिवस. आले. मला तेव्हाच माहीत होतं, आकडा कुठपर्यंत जाऊ शकतो. आणि तू म्हणतेस पळवाट." तिचा आवाज चढला नाही. "आई घाबरून ठेवते पाकीट. बाबा काळजीने ठेवतात. काकू मानाने ठेवतात. तू तत्त्वासाठी. माझ्याकडे कोणीच देत नाही."

डंपर निघाला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बेटमा तिथून पाच-सात मिनिटांवरच होतं.

लग्नघर शोधायला लागलं नाही, मंडप रस्त्यावरूनच दिसत होता. काकू रेशमी साडीत, गजरा माळून, दाराशीच. "आलात? या या. काही खाऊन घ्या आधी, मग..."

"पिशवी, काकू."

"हो, देते ना. आत देवापाशी ठेवली होती, पण रात्री पाहुणे फार, म्हणून दागिन्यांच्या खोलीत ठेवायला दिली. कुलूप आहे पक्कं." त्या आम्हाला मागच्या खोलीपाशी घेऊन गेल्या. कुलूप खरंच पक्कं होतं. "चावी नवरीच्या आईकडे आहे. माझी विद्यार्थिनी ती. आत्ताच माता पूजायला गेल्या सगळ्या बायका. येतीलच अर्ध्या तासात."

साडेदहा. ताईने विचारलं, "कुठे गेल्या?"

"अगं, पूजेत आहे ती. मधे नाही बोलवता येत..."

"कुठे?"

काकूंनी हाताने दाखवलं. गल्लीच्या शेवटी, पिंपळाखाली, शेंदूर लावलेला ओटा. ताई चालायला लागली, काकू गुडघे धरत मागे. ओट्याभोवती वीसेक बायका दाटीने बसल्या होत्या, माळवीत गाणं चाललं होतं, ढोलवाला ताल धरून उभा. मधोमध नवरीची आई, कपाळभर कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

मला वाटलं ताई कडेला उभी राहील. ती आयुष्यभर कडेलाच उभी राहिली आहे. कुणाचं काम संपायची वाट बघत, विमानतळावरच्या रांगेत, कार्डाच्या रांगेत, बाबांच्या उशाशी. मी पुढे व्हायला निघाले होते, तेवढ्यात तिने चपला काढल्या आणि बायकांच्या मधून वाट काढत सरळ आत गेली. दोघी-तिघींनी मान वर केली. एक म्हातारी फणकारली, "अरे बेन, पूजा चल री है!"

ताई नवरीच्या आईसमोर खाली बसली आणि हात पुढे केला. "माफ कीजिए. कमरे में मेरा पासपोर्ट है. मेरी चीज़ है, मुझे अभी चाहिए. मैं चाबी लौटा के जाऊँगी."

गाणं थांबलं नाही. नवरीच्या आईने ताईकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या काकूंकडे. काकूंनी मान हलवली. तिने एका हाताने आरतीचं ताट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने कमरेचा जुडगा काढून ताईच्या हातात ठेवला. एक किल्ली बोटाने वेगळी करून दाखवली. पुन्हा गायला लागली.

पिशवी कपाटात, साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती. ताईने तिथेच नाडी सोडली. ओढणी, सुपारी, सांडलेले तांदूळ, हळदीची पुडी फुटलेली. पाकीट पिवळं झालं होतं. चेन अर्धी सरकली होती, हळद-तांदूळ आतही गेले होते. ती पूर्ण उघडून तिने आधी कार्ड बघितलं, मग पासपोर्ट. पान उलटलं, फोटोवर बोट फिरवलं. आणि मग भिंतीला टेकली.

काकू दारात होत्या. त्यांचा हात तोंडावर गेला. "पासपोर्ट होता यात? देवा रे. मला वाटलं सुपारी-अक्षता. काल गाडीत मांडीवर घेऊन बसले होते बाई मी, कुणी हलवू नये म्हणून." त्यांचे डोळे भरले. "तुझ्या आईला काही बोलू नकोस हं. तिला तुझं चांगलंच करायचं होतं."

"माहितेय काकू," ताई म्हणाली. "सगळ्यांना तेच करायचं होतं."

किल्ली परत करायला ती स्वतः ओट्यापर्यंत गेली. पावणेअकरा झाले होते. परतीच्या रस्त्यात तो डंपर कडेला लागला होता आणि भिया त्याच्याकडे बघून विजयी मुद्रेने हॉर्न वाजवत गेला. ताईने पाकीट कुर्त्याच्या आत, पोटाशी धरलं होतं. दोन्ही हातांनी.

विमानतळाच्या दारावर जवानाने पासपोर्ट मागितला. तिने उघडून दिला तेव्हा पानातून दोन-तीन तांदळाचे दाणे त्याच्या टेबलावर पडले. तो दाणे बघून म्हणाला, "ये क्या है मैडम?"

"घर का है," ताई म्हणाली.

त्याने दाणे बोटाने बाजूला सारले आणि तिला आत जाऊ दिलं. त्याआधी ती माझ्याकडे वळली होती. मला वाटलं मिठी मारेल. तिने माझा खांदा धरला, जरा जोरात. "पुढच्या वेळी मी आले की पाकीट मागू नका. तू तर मुळीच नाही." मी हो म्हणाले. माफी मागायची राहिली. ती मी तिला नंतर लिहून कळवली आणि तिने अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.

रविवारी तिचा मेसेज आला. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, एवढे दिवस का? तिने सांगितलं, वडील. त्याने पासपोर्टच्या कडेला लागलेली हळद निरखून बघितली, काही विचारलं नाही आणि तिला आत सोडलं. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "शून्य." आजारानंतर पहिल्यांदाच हसले.

कार्डाची पाच वर्षं होत आली, तसा तिने अर्ज आता भरला आहे. बाहेर गेल्याच्या रकान्यात ही वारी सगळ्यात लांब आहे आणि मुलाखतीत तिला त्याबद्दल विचारतील. काय होईल ते आम्हाला माहीत नाही. मी तिला पुन्हा पळवाट म्हटलेलं नाही. ज्या कायद्याने मुलीला बापाजवळ बसून दिवस मोजायला लावले, त्याच्याशी माझं भांडण आहे, आणि इथला कायदा तिला दोन्हीपैकी एकच निवडायला सांगतो, त्याच्याशीही. पण ते भांडण मी तिच्या पाकिटावरून लढत होते. हे चूक होतं.

त्या रविवारी मी शंखाखालची किल्ली घेतली आणि लॉकर पूर्ण रिकामा केला. त्यात आईचं आधार कार्ड होतं, तिची पदवी, तिचं पॅन कार्ड. त्याखाली माझी मार्कशीट, माझा पासपोर्ट, माझ्या जन्माचा दाखला. हक्कांवर पत्रकं लिहिणारी मी, आणि माझे सगळे कागद बाबांच्या लॉकरमध्ये होते आणि मला ते आठवतही नव्हतं. बाबांचे स्वतःचे कागद तिथे नव्हते. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात, रोज, त्यांच्या अंगावर असतात.

मी आईचे कागद तिच्यासमोर ठेवले. "मला कशाला?" ती म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

"कुठेही जाऊ नकोस. ठेव फक्त."

तिने बराच वेळ ते चाळले. पदवीवरचा फोटो बघितला. मग आपल्या शिवणाच्या डब्यात, धाग्यांच्या रिळांखाली ठेवले आणि झाकण लावलं. बाबा खुर्चीतून बघत होते. "बराबर," ते म्हणाले.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचून झाल्यावर उठा आणि ते कपाट उघडा. तिचे सगळे कागद बाहेर काढा, पासपोर्ट, कार्ड, दाखले, जे असेल ते. ती घरात असेल तर तिच्या हातात द्या. कुठे ठेवणार, हे विचारू नका. ती परदेशी असेल तर आज फोन करा आणि सांगा, पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझं पाकीट तुझ्याजवळच राहील. आणि ती निघायचा दिवस सांगेल तेव्हा तिला चार दिवस राहा म्हणू नका. तिला तिची तारीख माहीत आहे.